आली की उठते

तुम्ही त्या गाडीला नवा रंग दिलात.

आतले दांडे घासून घेतलेत. खिडक्यांना काचा बसवल्यात. डाव्या अंगाचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ केलात. आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर सोडलीत.

सीट मात्र तीच ठेवलीत.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला माहीत आहे. मी नाव घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही नावावरून भांडत बसाल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

बाकीच्यांनी, म्हणजे पांघरुणात मोबाईल धरून भुताचं वाचणाऱ्यांनी, एवढं ध्यानात ठेवा. हे घडलेलं आहे. अमावस्या नव्हती. रात्र नव्हती. गेल्या नोव्हेंबरातला रविवार होता, भर दिवस, डोक्यावर ऊन. हैदराबादहून सुटलेली, माणसांनी ठासून भरलेली बस होती. ज्या गावाला गेलो त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या रीलवाले तिकडे पळतील, आणि नेमके त्याच सीटवर बसतील.

माझं मराठी शाळेतलं नाही, घरातलं आहे. चुकलं तर चुकलं. घडलं ते मात्र चुकवणार नाही.

केतकी माझी मामेबहीण. नाशिकची. नोकरी सोडून पाठीवर सॅक टाकून देश बघत निघाली होती. हैदराबादला आली तेव्हा आमच्या काचीगुड्याच्या घरी उतरली.

"बॅकपॅकर म्हणजे काय गं असतं?" आईनं विचारलं.

"सगळं पाठीवर टाकायचं नि फिरायचं, आत्या. टॅक्सी नाही, हॉटेल नाही. लोकल बस धरायची, लहानसं गाव गाठायचं, मिळेल ते खायचं."

बाबांनी पेपर खाली केला. "असे आमच्या काचीगुडा स्टेशनवर पुष्कळ आहेत. लाल शर्ट घालतात. दंडाला बिल्ला असतो."

सगळ्यात मोठ्यानं केतकीच हसली. "काका, मग मला पण एक बिल्ला आणा ना!"

त्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसली होती. पाय हलवत पोहे खात होती.

हे मुद्दाम लिहितेय.

आमच्या घरात केतकी बसलेली मी पाहिली... ती शेवटची.

इमलीबनच्या स्टँडवर आम्ही गेलो तेव्हा गाडी लागलेलीच होती. केतकीनं आधी गाडीचा फोटो काढला. प्रत्येक बसचा काढायची. नंबर दिसेल असा, समोरून. तोवर लोक खिडक्यांतून दस्त्या टाकत होते.

आमच्याकडे हातरुमालाला दस्ती म्हणतात. तुमच्याकडे एसटीत रुमाल टाकतात, तसंच. दस्ती पडली की जागा धरली. हैदराबादेत सिग्नल तोडणारा माणूससुद्धा दुसऱ्याची दस्ती उचलत नाही. फक्त गाडी स्टँडाबाहेर पडेपर्यंत. तोवर दस्तीवाला आला नाही, तर जागा मोकळी. मग बसेल त्याची.

आम्ही चढलो तेव्हा सीटा भरल्या होत्या. बायकांना बस फुकट झाल्यापासून पाय ठेवायला जागा नसते, आणि मला त्याचा आनंदच आहे. बायका निघाल्या तरी घराबाहेर. कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या डोक्यावर शेवंतीचं टोपलं.

डाव्या बाजूला, मधल्या दाराच्या मागं, दोघांच्या सीटवर एक जागा रिकामी होती. खिडकीशी एक फुलवाली बाई बसलेली. अगदी काचेला चिकटून. तिच्या शेजारी, वाटेकडच्या जागेवर, दस्ती. पिवळी, हिरव्या काठाची.

गाडी स्टँडाबाहेर पडली.

दस्तीवालं कुणी आलं नाही.

मुसी नदी मागं पडली. शहर विरळ झालं. लोक एकमेकांच्या पायांवर उभे होते. एक गरोदर बाई दांडा धरून लटकत होती.

त्या जागेवर... कुणीच बसलं नाही.

"ताई, ही जागा कुणाची?" केतकीनं मला विचारलं.

"आता कुणाचीच नाही. बसवू त्या बाईला."

मी गरोदर बाईला हातानं खुणावलं. तिनं दस्तीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. आणि पोटावर हात ठेवून उलट दोन माणसं मागं सरकली.

"हिला नको तर मी बसते," केतकी म्हणाली. सॅक जड होती तिची. तिनं दस्ती उचलली, नीट घडी केली, आणि कुणाची असेल त्याला दिसावी म्हणून सॅकच्या पट्ट्याला बांधली. बसली.

फुलवाली ताडकन् उठली.

"अम्मा, कैकु बैठे वां? जगा रोकी सो है."

"किसने रोकी है, मावशी?"

"आती सो है वो."

केतकी हसली. आपण सगळे जसं हसतो तसंच. आपण सगळे जे बसमध्ये म्हणतो तेच म्हणाली, आधी तिला हिंदीत, मग मला मराठीत.

"अगं, आली की उठते ना."

माझ्या मागं कुणीतरी 'च्च्' केलं.

फुलवाली टोपलं उचलून गर्दीत घुसली, परत वळून पाहिलं नाही. खिडकीची जागा सुटली. मी बसले. मला काय माहीत, ती जागा कुणाची होती.

कंडक्टर बाई गर्दी फाडत आली. यादम्मा तिचं नाव, ते नंतर कळलं. माझं आधार कार्ड बघून मला फुकटाचं तिकीट दिलं. केतकीचं बघितलं.

"नाशिक? नाशिककु फ्री नै."

"तो इधरिच शादी कर लेव अम्मा," मागून एक म्हातारी ओरडली, "जिंदगीभर फुकट फिरो!"

सगळी गाडी हसली. केतकीही हसली. यादम्मासुद्धा हसत होती.

मग तिची नजर खाली गेली. केतकी कुठं बसलीय ते तिनं पाहिलं.

हसू तसंच राहिलं तोंडावर. डोळे मात्र बदलले.

"दस्ती किधर गयी?"

"ये बांधी है ना. वो आएगी तो दे दूंगी, उठ भी जाऊंगी."

"ऐसा नक्को बोलो!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की ड्रायवरनं आरशात पाहिलं. "उठ जाव. जल्दी उठ जाव."

तेवढ्यात स्टॉप आला. चढणाऱ्यांचा लोंढा आत घुसला आणि यादम्मा पुढं ढकलली गेली. तिच्या डोक्यावरची अबोली तेवढी दिसत होती. ती परत परत मागं वळत होती.

"काय झालं गं हिला?" केतकी म्हणाली.

मला तेव्हा राग आला होता. वाटलं, जात विचारायची आता ही. किंवा ओळखीच्या कुणासाठी जागा धरली असणार. मी केतकीला म्हटलं, "बस तू. बघू कोण उठवतंय."

थोड्या वेळानं केतकीनं पाय आवळले.

"ताई, सीट ओली आहे गं."

मी हात लावला. कोरडी होती. पण गार... विहिरीच्या पायरीसारखी गार. नोव्हेंबरचं ऊन काचेतून थेट त्या सीटवर पडत होतं.

"आणि ह्या बाईला सांग ना, सारखी अंगावर रेलतेय."

"कुठली बाई?"

मी पाहिलं.

गाडीत शिंकायला जागा नव्हती. माणसं दारात लोंबकळत होती. आणि केतकीच्या शेजारी, वाटेत, एका माणसापुरती जागा मोकळी होती. मोकळीच. सगळे आपलं अंग चोरून त्या जागेच्या कडेकडेनं उभे होते.

मी काचेकडं सरकले.

मग आवाज सुरू झाला.

थप्... थप्... थप्...

तुम्ही लाल मातीच्या रस्त्यावरच्या बसनं गेला असाल तर तो आवाज ओळखाल. उतरायचं असलं, चढायचं असलं, की लोक तळहातानं पत्रा बडवतात. थांबव म्हणून. तोच आवाज. बाहेरून. माझ्याच खिडकीखाली.

गाडी जोरात पळत होती.

मी काच सरकवून खाली वाकले. रस्ता. धूळ. पळणारी सावली आमच्या गाडीची.

थप्... थप्... थप्...

कोंबडीवाली छताकडं बघत होती. गरोदर बाईनं डोळे मिटले होते. मघाची चेष्टेखोर म्हातारी ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. सगळ्यांना ऐकू येत होतं. कुणीच विचारत नव्हतं.

आवाज वाढला. आता एक हात नव्हता, दोन्ही हात होते. जीव तोडून कुणीतरी बडवत होतं.

डाव्या हाताला तळं लागलं. तळ्याच्या बांधाला तिकडं चेरुवुकट्टा म्हणतात. तेच नाव थांब्याचं. असे चेरुवुकट्टे गावोगाव आहेत, शोधायला जाऊ नका.

ड्रायवरनं ब्रेक लावला. गाडी थांबली.

आवाजही थांबला.

थांब्यावर कुणी नव्हतं. उतरायलाही कुणी नव्हतं. दार उघडंच होतं. बाहेर नुसतं ऊन, आणि तळ्यात एक बगळा.

यादम्मा दाराशी उभी होती. रिकाम्या पायरीकडं बघून, आपल्या पोरीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"एक्कु बिड्डा."

चढ, बाळा.

गाडी एका बाजूला किंचित कलली. कुणीतरी पायरीवर पाय ठेवला की कलते तशी.

आणि गर्दी... फाटली. दारापासून आमच्या सीटपर्यंत, आपोआप, एक अरुंद वाट झाली. कुणी कुणाला "सरका" म्हटलं नाही.

केतकी उभी राहिली.

"ये," ती म्हणाली. मराठीत. समोर बघून, हसून. "बस तू."

मग तिचं हसणं विझलं. ती तशीच उभी राहिली, दांडा घट्ट धरून, समोर बघत.

माझा उजवा हात सीटवर होता. तिच्या जागेवर. कधी ठेवला, कसा ठेवला, मला माहीत नाही. जागा धरून ठेवायला ठेवतात तसा, पसरून, तळवा खाली.

मी हात उचलायला गेले.

उचलला नाही.

हातावर कुणीतरी बसलं होतं.

मी शपथ घेणार नाही. शपथा खोटं बोलणारे घेतात. एवढंच सांगते, वजन होतं. तरण्या पोरीचं असावं तेवढं. ओलं, गार वजन. बांगड्यांचा बारीक आवाज आला. आणि माझ्या खांद्याशी कुणीतरी, धावून आल्यावर घेतात ना, तसे श्वास घेत होतं.

घंटी वाजली. गाडी निघाली. गाव येईपर्यंत माझा हात तिथंच होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. शेजारी बघायची हिंमत झाली नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुम्ही बघितलं असतंत?

गावाच्या स्टँडवर सगळे उतरले तेव्हा हात सुटला. पांढरा पडला होता. तळव्यावर रेक्झिनच्या शिवणीची खूण होती, मागच्या बाजूला कापडाच्या विणीची.

यादम्मानं चहाच्या टपरीमागं मला गाठलं. पटपट बोलली. परतीची गाडी तिलाच न्यायची होती.

"एक अम्मा थी. बेटीकु ससुराल छोडने जारी थी. बेटी चेरुवुकट्टे पे खडी, अम्मा सामान लेने हैदराबाद गयी थी, वां सेच जगा रोक के लायी. दस्ती डालके, उपर से हाथ रखके. दशहरे का रश था."

"मग?"

"ब्रेक लगरे नै बोलके ड्रायवर रोज बोलता था. उपर से बोलते, चला लो, रश है. उस दिन गाडी रुकीच नै. बच्ची समझी, भूल गये. भागी बाजूबाजू से. पत्रा मारते मारते. अम्मा की खिडकी के नीचेच..."

चाकाखाली, असं तिनं हातानं दाखवलं.

"अम्मा का हाथ सीट पे था. हम उठाने गये तो हाथच नै उठ रा था. थोडे दिन में वो बी गुजर गयी."

"आणि गाडी?"

"रंग मारके वापस भेज दिये. पैला जो आदमी उस सीट पे बैठा, उनो बी हंस के वोइच बोला. आयेगी तो उठूंगा. चेरुवुकट्टे पे उठ गया." तिनं मान वळवून गाडीकडं पाहिलं. "तब से हम दस्ती रखते. अम्मा कीच दस्ती. वो रैती तो कोई नै बैठता. उनो आती, बैठती, जाती. किसीकु कुछ नै करती."

"तो माणूस? पुढं काय झालं त्याचं?"

ड्रायवरनं हॉर्न दिला. तिनं हात पुढं केला.

"दस्ती देव."

आम्ही केतकीला शोधलं. ती चिंचेखाली उभी होती. सॅकच्या पट्ट्याला दस्ती तशीच. यादम्मानं गाठ सोडायला घेतली. मी घेतली. दातांनी ओढली. साधी एक गाठ होती ती, केतकीनं माझ्यासमोर मारलेली. पाण्यात भिजून आवळल्यासारखी झाली होती. मी चहावाल्याकडं सुरी मागितली तर यादम्मानं माझं मनगट धरलं.

"काटना नै. शाम को येईच गाडी आती, तब रख देना. पक्का."

संध्याकाळी दुसरी गाडी आली. दुसरी कंडक्टर.

मधला सगळा दिवस केतकी त्या गावात उभी होती. मिरची भजी उभ्यानं खाल्ली. टपरीच्या बाकावर टेकली आणि लगेच उठली.

"काय गं?"

"अगं कुणीतरी येतंय," ती म्हणाली. अगदी साधं.

परतीच्या गाडीत जागा होती. ती उभ्यानं आली.

घरी आईनं पट्ट्याची गाठ सहज सोडवली. "ह्याला काय झालंय," म्हणाली. दस्ती स्टीलच्या डब्यात ठेवली. ती अजून ओली आहे. इतके महिने झाले. उन्हात घातली, इस्त्री केली. ओली आहे. तळ्याचा वास येतो.

केतकी अजून बसलेली नाही.

आडवी होते, झोपते. पण बसत नाही. खुर्ची, पलंग, पाट, पायरी. टेकते आणि उठते. कुणाला तरी हसून जागा देते. नारायणगुड्याच्या डॉक्टरनं मणका बघितला, नसा बघितल्या. सगळं चांगलं आहे म्हणाला, मनाचं आहे म्हणाला. तिचे पाय मात्र मनाचे नाहीत. घोट्यापासून सुजून टम्म झालेत, चप्पल शिरत नाही. आई घमेल्यात मिठाचं गरम पाणी घालते आणि केतकी त्यात उभी राहते. मामा न्यायला आला होता. ती गेली नाही. "इथंच कुठंतरी आहे ना ती गाडी," म्हणाली.

आणि माझं सांगते.

मी कुठंही बसले की माझा उजवा हात शेजारी जातो. पसरून, तळवा खाली. परवा सोफ्यावर माझा भाऊ बबलू शेजारी बसायला आला. मी त्याला ढकललं. "जागा धरलीय," म्हटलं.

म्हटलं मी? तोंड माझं होतं.

आम्ही तुमच्या कार्यालयात आलो होतो. आठवत असेल. मी आणि माझे वडील भगवंतराव. केतकीनं काढलेला फोटो दाखवला. नंबर स्पष्ट दिसतोय.

"ही गाडी ह्या डेपोत नाही आता," तुमचा माणूस म्हणाला.

"कुठं गेली?"

"दुसऱ्या डेपोला."

"कुठल्या?"

"ते सांगता येत नाही."

"कंडक्टर यादम्मा?"

"बदली. ते पण सांगता येत नाही."

बाबांनी हात जोडले. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणापुढं हात जोडले नाहीत त्यानं. "साहेब, एक दस्ती सीटवर ठेवायची आहे. एवढंच."

तुमचा माणूस हसला. म्हणाला, "सापडलेल्या वस्तू त्या खिडकीत जमा करा."

आणि त्या मुलीबद्दल विचारलं तेव्हा काय म्हणालात? चालत्या गाडीत चढायला गेली. तिची चूक.

ती चढायला गेली नव्हती. ती थांबवत होती. तुम्हाला. दोन्ही हातांनी.

मला तुमची भरपाई नको. चौकशी समिती नको. भूत असतं की नसतं, ते तुम्ही सांगू नका, मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या जागेवर आता दस्ती नाही. कुठल्यातरी रस्त्यावर, ह्या क्षणी, कुणाचीतरी लेक, कुणाचातरी बाप गर्दीतली ती एक रिकामी जागा बघून खूश होत असेल. सीट गार का लागते म्हणून पाय आवळत असेल. आणि कुणीतरी टोकलं, तर हसून तेच म्हणत असेल, जे आपण सगळे म्हणतो.

म्हणून विचारते. सगळ्यांसमोर विचारते.

ती गाडी आज कुठल्या रस्त्यावर चालते?

उत्तर द्या.

केतकी उभी आहे.